जाताना सोळा, येताना चौदा

ज्या सोसायटीतली निम्मी मुलं अमेरिकेत आहेत, त्या सोसायटीत एक अप्पा असतातच. बँकेतून किंवा वीज मंडळातून निवृत्त, बीपीची गोळी चालू आणि मोबाइलमध्ये विमानांचा नकाशा कायम उघडा. कुणाची सून न्यूयॉर्कला निघाली की तिच्या आईआधी अप्पांना फ्लाइट नंबर कळलेला असतो.

"मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर. ताशी नऊशेने भागा, चौदा तास. पण लागतात सोळा. का? सांगा!" कुणी सांगत नाही. सगळ्यांना घरी जायचं असतं. मग अप्पाच सांगतात. नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा झोत वाहतो, जाताना तो विमानाच्या तोंडावर आणि येताना पाठीवर. म्हणून परतीचे चौदा.

"मला वाटलं, येताना उतार असेल," शेजारच्या सुलूताई एकदा म्हणाल्या. अप्पा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

अप्पांच्या घरी टीव्हीशेजारी पृथ्वीचा गोल आहे. पाहुण्यांना पोहे यायच्या आत ते शिवणाच्या डब्यातला दोरा काढून मुंबई ते न्यूयॉर्क ताणून दाखवतात. दोरा अरबस्तानावरून सरळ पश्चिमेला न जाता वर सरकतो आणि रशिया, फिनलंड, आइसलंड करत ग्रीनलंडच्या शेपटाजवळून खाली उतरतो. "भिंतीवरचा नकाशा खोटं बोलतो, दोरा बोलत नाही," इति अप्पा. प्रत्यक्षात विमानही दोऱ्याबरहुकूम जात नाही. वारा पाहावा लागतो, कुणाचं आकाश बंद आहे तेही पाहावं लागतं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा सगळ्यात जास्त खोळंबा अप्पांचा झाला. तोंडपाठ असलेल्या वेळा सगळ्या नव्याने पाठ कराव्या लागल्या.

ते स्वतः एकदा मुलाकडे जाऊन आले. सोळा तास समोरच्या पडद्यावर नकाशाच लावून बसले होते. उंची अमुक, बाहेरचं तापमान उणे पन्नास. काकू म्हणाल्या, "अहो, एखादा सिनेमा तरी बघा." तर म्हणे, "मग हे काय बघतोय?" रात्री दोनला निघालेलं विमान तिथल्या घड्याळात त्याच दिवशी सकाळी साडेआठला उतरलं. आजही ते "साडेसहा तासांत अमेरिका" असं सांगून समोरच्याला कोड्यात टाकतात आणि साडेनऊ तासांचा हिशेब जरा उशिराच उलगडतात.

बाकी माणूस सोन्यासारखा. कुणाचंही विमान अटलांटिकवर असलं की अप्पांना झोप नाही. चाकं टेकली की पहाटे चारलासुद्धा ग्रुपवर "लँडेड" पडतं, आणि मुलीच्या आईला तेव्हा कुठे झोप लागते.

मात्र पुण्याहून मुंबई विमानतळ हे दीडशे किलोमीटरचं अंतर निघालं की अप्पांचं गणित संपतं. घाटात कंटेनर आडवा असेल, वाशीला पाणी साचलेलं असेल. रात्री दोनच्या विमानासाठी ते दुपारी तीनला गाडी दारात उभी करायला लावतात. तेव्हा तुमच्याकडचं कुणी निघणार असेल तर फ्लाइट नंबर अप्पांना जरूर द्या, गाडीची वेळ मात्र ड्रायव्हरलाच विचारा.