चेनला काय लावता?

नव्या मोटरसायकलबद्दल अभिनंदन. हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, पहिला हप्ताही गेला. आता एक दिवस सिग्नलला कुणीतरी शेजारी येऊन थांबेल, तुमच्या मागच्या चाकाकडे बघेल आणि विचारेल, "चेनला काय लावता?" या प्रश्नाला "तेल" असं उत्तर देणारा माणूस रायडर मंडळींतून कायमचा उठतो. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा मार्गदर्शनाचा खटाटोप. पायऱ्या गाळू नका, आणि वाचता वाचता उठून चेनला तेल लावायला तर मुळीच जाऊ नका. घाई केली की निवड चुकते.

१. गाडीला चेन आहे ना, याची खात्री करा.

स्कूटरला पट्टा असतो, तोही डब्यात बंद. जुन्या चेतकचं इंजिन चाकाला खेटूनच होतं, मधे ना चेन ना पट्टा. असे वाचक सुखी आहेत, त्यांनी पान उलटावं. वडिलांच्या शंभर सीसीच्या गाडीची चेन पत्र्याच्या बंद कव्हरात असेल, तर तुम्हीही सुटलात. धूळ-पाणी फारसं आत जात नाही, चेन वर्षानुवर्षं चालते आणि तिला शेवटचं काय लावलं होतं हे वडिलांनाही आठवत नाही. तुमच्या गाडीची चेन मात्र उघडी आहे, कारण उघडी चेन रुबाबदार दिसते. त्या रुबाबाचा हप्ता वेगळा.

२. माहिती मिळवण्याआधी मत बनवा.

माहिती मिळाल्यावर मत बनवणं फार अवघड जातं, अनेकांचं आयुष्य त्यात गेलं आहे. पंथ तीन आहेत. स्प्रेवाले, नव्वद नंबरवाले आणि फुकटवाले.

स्प्रे चिकटून राहतो, हा त्याचा गुण. त्याच्यावर धूळही चिकटून राहते, हा पुढचा गुण. ताम्हिणीतून एकदा जाऊन आलात की चेनवर पॉलिश पेपरच्या जातीचा काळा लगदा तयार होतो. त्याला "कोटिंग" म्हणा.

नव्वद नंबर म्हणजे गियर ऑइल. लिटरभराची बाटली घेतली की गाडी विकेपर्यंत पुरते आणि नव्या मालकालाही देता येते. जास्त लावलं तर ते उडतं: रिमवर, नंबर प्लेटवर, मागे बसणाऱ्या व्यक्तीच्या फिक्या रंगाच्या कपड्यांवर. संसार नवा असेल तर स्प्रे बरा. वादात "नव्वद म्हणजे चाळीसच्या दुपटीहून घट्ट" असं छातीठोक सांगा. गियर ऑइलची मोजपट्टी इंजिन ऑइलहून वेगळी असते आणि नव्वदचं गियर ऑइल साधारण चाळीस-पन्नासच्या इंजिन ऑइलइतकंच दाट असतं, पण हे ज्याला ठाऊक असतं तो सहसा वादात पडत नाही.

फुकटवाले गॅरेजमधलं जळकं ऑइल आणतात. काजळी आणि धातूचा बारीक चुरा झाला म्हणून इंजिनातून जे काढून टाकलं, ते चेनला पाजायचं. काटकसर म्हणून हे वंदनीय आहे.

३. डब्ल्यूडी-४० वर किमान एक संध्याकाळ राखून ठेवा.

निळा-पिवळा डबा कुणीतरी काढणारच. हे द्रव्य १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोला तयार झालं. पाणी हटवून गंज रोखायचा हा उद्देश, चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून नावात चाळीस. ॲटलास क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून ते वापरलं गेलं. तुम्ही म्हणायचं, "क्षेपणास्त्राला चाललं, आपल्या गाडीला का नाही?" क्षेपणास्त्राला चेन नव्हती, हा तपशील समोरचा काढेपर्यंत चहा सांगा. चेन धुवायला हे ठीक, पण एवढ्या पातळ द्रव्याच्या भरवशावर घाट चढू नये, असं एखादा शहाणा म्हणेल. त्याला बिल द्यायला लावा.

४. ओ-रिंगचं रहस्य कळलं तर कुणाला सांगू नका.

ही पायरी नाजूक आहे. उघड्या चेनच्या बहुतेक नव्या गाड्यांवर सीलबंद चेन असते. ती बनवतानाच पिन आणि बुश यांच्या फटीत ग्रीस भरतात आणि दोन्ही बाजूंना रबरी रिंगा बसवून ते आत कोंडतात. चेन "लांबते" ती पोलाद ताणलं जाऊन नव्हे, तर हेच पिन आणि बुश झिजून. म्हणजे जिथे खरी झीज होते तिथे तुमचा स्प्रे, त्याचं नव्वद नंबर आणि गॅरेजवाल्याचं जळकं ऑइल, यांतलं काहीच पोचत नाही. पोचू नये अशीच ती रचना आहे. बाहेरच्या तेलाने करायचं काय, तर गंज रोखायचा, रबर कोरडं पडू द्यायचं नाही, आणि रोलर व स्प्रॉकेटचे दात यांच्यात एक पातळ थर ठेवायचा. एवढं काम कुठलंही बरं तेल करतं, वेळेवर लावलं तर.

हे बाहेर फुटलं तर रविवारी सकाळी मिसळीच्या टेबलावर चाळीस माणसं काय बोलणार? विषय इकडे सरकतोय असं दिसताच इतिहासात शिरा. रोलर चेन हान्स रेनोल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टरला बनवली असं सांगा. तरी कुणी हटेना, तर ४२८ नंबरच्या चेनमधला पहिला ४ म्हणजे इंचाचे आठ भाग करून त्यांतले चार, म्हणून दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, हे समजावून द्या. तोवर पाव संपतात.

५. चेन धुवा (ऐच्छिक).

रॉकेल मिळवा. ल्यूब निवडण्यापेक्षा हे कठीण आहे, शेवटी बहुतेकजण डिझेलवर येतात. पेट्रोल नको, रिंगांचं रबर खराब होतं. तारेचा ब्रश नको, त्याच रिंगा फाटतात. जुना टूथब्रश चालेल, मात्र "जुना" कोणता यावर घरात आधी एकमत करा. सेंटर स्टँड तुमच्या गाडीला नसेल, कारण तोही रुबाबात बसत नाही. तेव्हा गाडी वीतभर ढकला, वीतभर पुसा, असं करत पार्किंगच्या फरशीवर काळा माग काढत जा. सोसायटीचे सेक्रेटरी काका गॅलरीत येतील. त्यांना नमस्कार करा.

इंजिन चालू ठेवून, गियर टाकून, फिरत्या चेनला फडकं धरण्याची झटपट युक्तीही आहे. ती वापरणारे अनुभवी लोक पुढे दहापर्यंतचा हिशेब तोंडी करतात.

६. लावा.

गाडी फिरवून आणल्यावर, चेन कोमट असताना, खालच्या पदराच्या आतल्या अंगाने. चाक फिरलं की तेल आतून बाहेर पसरतं. मग जादा पुसून घ्या आणि रात्रभर राहू द्या. अर्थात असं कुणी करत नाही. प्रथा अशी, की सकाळी निघायच्या दोन मिनिटं आधी, हेल्मेट घालून, वरच्या बाजूने अर्धा डबा मारायचा. फवारा चाकाच्या आरपार जातो आणि मागच्या डिस्कवर बसतो. पहिल्या वळणावर मागचा ब्रेक मऊ लागेल. तो मऊ नाही, नाही.

दर पाचशे किलोमीटरला, आणि पावसात भिजल्यावर लगेच, असा साधारण नियम आहे. जूनमध्ये गाडी एक रात्र बाहेर राहिली की चेन केशरी दिसू लागते. तो रंग मोसमी आहे असं मानून दिवाळीपर्यंत थांबणारे पुष्कळ. कोकणातल्यांना तर खारा वारा ही बारमाही सबब आहे.

७. एवढं करूनही खडखड येत असेल तर ल्यूब बदला.

पुन्हा आली तर पुन्हा बदला. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन बोटाने मागे ओढल्यावर अर्धा दात उघडा पडत असेल, तर आता ल्यूबचा प्रश्न उरलेला नाही, चेनसेटचा आहे. पुण्यात असाल तर नाना पेठ गाठा, तिथला दुकानदार "कोणतं लावत होता?" असं विचारून तोंडाने च्‌ च्‌ करेल. त्याच्यासाठी कोणत्याही उत्तराला तोच आवाज आहे.

दात शाबूत असतील तर चेन नुसती ढिली असू शकते. खालच्या पदराला किती खेळ हवा, बऱ्याच गाड्यांना दोन-तीन सेंटीमीटर, ते मॅन्युअलमध्ये असतं. तेल कोणतं लावायचं तेही त्याच पानाच्या आसपास असतं, पण मॅन्युअल शोरूमच्या पिशवीत, पिशवी माळ्यावर. काही गाड्यांवर खेळाचा आकडा चेनजवळच, स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर छापलेला असतो. तुमच्याकडे तो पायरी दोनमधल्या कोटिंगखाली आहे. रॉकेलने पुसून वाचा. जपून पुसा, अक्षरं जातात.