फुलपाखरू-यात्रेचे विधिनिषेध

ही यात्रा मे महिन्यात करावी. जाणकार म्हणतील, फुलपाखरं बघायची तर पाऊस सरल्यावर जा, तेव्हा रान फुललेलं असतं, हवाही बरी असते. जाणकारांचं बरोबर आहे, पण तेव्हा रजा मिळत नाही. मेमध्ये रजा मिळते, मुलं आजोळी असतात आणि सह्याद्रीतले ओढे आटून त्यांच्या पात्रात हाताच्या पंजाएवढी ओल कुठेकुठे उरते. अख्ख्या रानाला त्या तेवढ्याच जागा माहीत असतात. आपल्यालाही त्यांतली एक कळली की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे मित्र.

मित्र निवडताना घाई करू नये. त्याला गाडी चालवता यावी, वळणावर मळमळू नये आणि टोलनाक्यावर त्याचा फास्टॅग रिकामा निघू नये, ही झाली सामान्य लक्षणं. विशेष लक्षण एकच: त्याच्या पायांना घाम यावा. कारण पुढे येईल.

माझ्या मित्रात हे लक्षण विपुल आहे. आम्ही पुण्याहून पहाटे चारला निघालो. साताऱ्याच्या पुढे त्यानं बूट काढले आणि उंब्रजला मी काचा खाली केल्या. एसी चालू असताना काचा कशाला, असं त्यानं विचारलं. म्हटलं, बाहेरची हवा घेतोय. मे महिन्यात उंब्रजची हवा कोणी हौसेनं घेत नाही, यावरून त्यानं ओळखायला हवं होतं. ओळखलं नाही. शेवटी कोल्हापुरात मिसळ खाताना तह झाला: मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला दोन गाठी, पिशवी डिकीत. महत्त्वाचे तह नेहमी मिसळीवर करावेत, कारण दोघांच्याही डोळ्यांत पाणी असतं आणि कोण कशानं हळवा झाला ते कळत नाही.

रस्त्याबद्दल फार सांगायला नको. निपाणी मागे टाकून संकेश्वरला महामार्ग सोडायचा, मग गडहिंग्लज, आजरा आणि आंबोली. या बाजूनं येणाऱ्याला आंबोलीचा घाट लागतच नाही, रस्ता हळूहळू चढत कधी माथ्यावर येतो ते समजत नाही. घाट पुढे आहे, सावंतवाडीकडे उतरताना. आजऱ्याच्या आसपास काजूच्या बागा लागतात आणि हंगामाच्या शेवटी झाडांखाली बोंडू कुजत पडलेले असतात. तिथे गाडी थांबवून पिशवीभर सडके बोंडू घ्यावेत. बागवाल्याला विचारून घ्यावेत. तो ‘न्या की’ म्हणेल आणि आपण वळल्यावर बायकोकडे बघून हसेल. हसू द्यावं. राजा आणि नवाब अशी भारदस्त नावं मिरवणारी फुलपाखरं फुलाकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांना आंबलेलं फळ, शेण आणि शक्य असेल तर मेलेला खेकडा लागतो. नावावरून माणूस ओळखू नये म्हणतात, ते फुलपाखरांनाही लागू आहे.

आता उपकरणं. हा विषय मित्राच्या आवडीचा असल्यामुळे गडहिंग्लज ते आजरा एवढा वेळ त्याला द्यावा. माझ्या मित्राकडे 600 मिलिमीटर लेन्सची तोफ आहे. ती त्यानं धनेश, शेकरू आणि गवा यांच्यासाठी घेतली आणि वर्षभर तिच्यातून समोरच्या इमारतीवरची कबुतरं टिपली. या तोफेला फांदीच्या टोकावर बसलेल्या धनेशाच्या पापणीचे केस दिसतात, पण अडीच मीटरच्या आतलं काही दिसत नाही. हा दोष दुकानात लक्षात येत नाही, रानात येतो. माझ्याकडे 100 मिलिमीटरची मॅक्रो आहे. तिचा दोष उलटा: फुलपाखराच्या हातभर जवळ जावं लागतं आणि फुलपाखराला ते मान्य नसतं. एकाला जवळचं दिसत नाही, दुसऱ्याला लांबचं जमत नाही. बरीच लग्नं याच पायावर टिकली आहेत.

कपडे मळखाऊ असावेत, बस्स. मित्रानं लष्करी ठिपक्यांची विजार आणली होती, हिरवी आणि काळपट. सह्याद्रीच्या तांबड्या मातीत आणि पिवळ्या गवतात ती एस.टी. स्टँडवरूनही ओळखू आली असती. फुलपाखराचं मुख्य भांडण आपल्या हालचालीशी आणि सावलीशी असतं. अंगावर सावली पडली की ते उडालंच. म्हणून सूर्य कुठे आहे ते आधी बघावं, वाकावं, मग बसावं, मग गुडघ्यांवर यावं आणि शेवटचा हातभर रस्ता कोपरांवर सरकत जावा. सरकताना पुढे काय आहे ते बघावं. माझ्या मित्रानं बघितलं नाही. गव्याचं शेण वरून वाळलेलं दिसतं, आतून तसं नसतं.

गव्याचं निघालंच आहे तर सांगून टाकतो. संध्याकाळी रस्त्याकडेला गवा दिसला तर गाडीतच बसावं, हॉर्न वाजवू नये आणि ‘शांत वाटतोय’ हे वाक्य उच्चारू नये. नर हजार किलोच्या घरात जातो, आणि शांत वाटणं हा त्याचा स्वभाव नसून आपला अंदाज असतो. मित्र तोफ घेऊन उतरू लागला तेव्हा मी गाडीची चावी काढून खिशात घातली. तो मला अजून भित्रा म्हणतो, धडधाकट आहे म्हणून म्हणू शकतो.

आंबोली लहान जिवांचं गाव आहे, ही गोष्ट तोफवाल्यांना सहसा पटत नाही. इथल्या हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात बोटाएवढा एक मासा सापडला आणि 2020 साली तो शास्त्राला नवा म्हणून नोंदला गेला. पुढच्याच वर्षी सरकारनं ती जागा जैविक वारसा स्थळ जाहीर केली. माशाचं नावही हिरण्यकेशी नदीवरूनच पडलं. मित्र दर्शन घेऊन कुंडापाशी आला, तोफ रोखली आणि मागे सरकू लागला. अडीच मीटर मागे गेल्यावर त्याला कुंडच दिसेना. चप्पल घालायला त्याला पाच मिनिटं लागली, तेवढ्यात तीन वेळा म्हणाला की मासा काही त्याचा विषय नाही.

ओढ्यात उतरण्याआधी ओळख पटवण्याचा थोडा अभ्यास करावा. मी आयझॅक किहीमकरांचं पुस्तक नेतो. मित्राला पुस्तक जड वाटतं, तोफ नाही. सुरुवात कॉमन मॉरमॉनपासून करावी, म्हणजे गर्व लवकर उतरतो. ही जात घरच्या कढीपत्त्यावरही अंडी घालते. नर एका तऱ्हेचा, माद्या मात्र तीन तऱ्हांच्या: एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझची नक्कल, तिसरी क्रिमझन रोझची. रोझ मंडळी विषारी, पक्षी त्यांना तोंड लावत नाहीत, म्हणून हिनं त्यांचा वेश उचलला. पण नक्कल पंखांपुरतीच. खऱ्या रोझचं अंग लाल असतं, नकली बाईचं काळं. पक्ष्याला एवढा खोलात जाण्याचा वेळ नसतो. मित्रालाही नव्हता. त्यानं तीनदा ‘रोझ’ जाहीर केलं, तिन्ही वेळा अंग काळं होतं. चौथ्या वेळी माझीही चूक झाली, तिची नोंद इथे करण्याची गरज नाही.

निषेधांतला मोठा निषेध इथेच सांगतो, आणि तो थट्टेनं सांगता येत नाही. फुलपाखरू पकडून, डब्यात घालून, फ्रिजमध्ये गार करून, सुस्त पडल्यावर फुलावर मांडून फोटो काढणारे लोक आहेत. सापाला काठीवर उचलून शोभिवंत फांदीवर ठेवणारेही आहेत, आंबोलीसारख्या ठिकाणी तर पावसाळ्यात विशेष. असे फोटो सवयीच्या डोळ्याला कळतात. फूल भलत्याच झाडाचं असतं, पाय धरल्यासारखे नसून ठेवल्यासारखे असतात. ही फोटोग्राफी नव्हे, हा छळ आहे. असं करणारा मित्र असेल तर त्याला आजऱ्याच्या स्टँडवर सोडावं. एस.टी. मिळते.

आता मुख्य विधी. घाट उतरून गेल्यावर एका ओढ्याशी आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पोचलो. ओढ्याचं नाव सांगत नाही, सांगितलं तर पुढच्या मेमध्ये तिथे पन्नास ट्रायपॉड उभे असतील. नऊ ही वेळ बरोबर. त्याआधी फुलपाखरं पंख पसरून ऊन खात बसतात, कारण अंग तापल्याशिवाय त्यांना उडता येत नाही. पार्किंगमध्ये बाइक तापवणाऱ्या मुलांसारखीच ती थोडी थरथरतात आणि निघतात. आम्ही सडके बोंडू दगडावर मांडले. अर्ध्या तासात त्यावर चौदा माशा आणि एक मुंगळा आला. राजा नाही, नवाब नाही.

वरच्या पायवाटेनं एक आजोबा चालले होते. आम्ही दोघं पालथे पडलेले पाहून थांबले.

“काय पडला काय हो तुमचा?”

“नाही हो आजोबा, फुलपाखरू शोधतोय.”

त्यांनी थोडा विचार केला. “मगे ता येतला,” म्हणाले आणि गेले. एकूण मार्गदर्शनात हे सर्वांत उपयुक्त वाक्य होतं.

त्यानंतर मित्र शेवाळलेल्या दगडावरून घसरला. तोफ वर धरल्यामुळे तोफ वाचली, तो कमरेपर्यंत डबक्यात गेला. बूट काढले, आदल्या दिवशीच्या पिशवीच्या दोन गाठी सोडून कोरडे मोजे शोधले, तर ते त्याच तहातले मोजे. मी हरकत घेतली. तो म्हणाला, निदान वाळत तरी टाकू दे. पायांतले ओले आणि पिशवीतले घामट असे चारही मोजे त्यानं ओढ्याच्या वाळूत पसरले. मी वाऱ्याची दिशा पाहून पलीकडे सरकलो.

दहा मिनिटांत पहिलं बसलं. कॉमन ब्लूबॉटल, काळ्या पंखांत आरपार निळा पट्टा. बोंडवाकडे न बघता थेट घामट मोज्याच्या घोट्यावर. मागोमाग आणखी दोन, मग पाच. पाठोपाठ लांब शेपटीचं एक स्पॉट स्वोर्डटेल. मोजेच निवडले याचं कारण साधं आहे. झाडाच्या रसात आणि फुलाच्या मधात मीठ जवळजवळ नसतं, आणि ते फुलपाखरांना हवं असतं. म्हणून ती ओल्या वाळूवर, मुतारीवर, शेणावर आणि घामावर बसून सोंडेनं खारट पाणी ओढतात. पुस्तकी भाषेत याला चिखलपान म्हणतात. बसणारे बहुतेक नर असतात आणि जमवलेलं मीठ मीलनाच्या वेळी मादीला देतात, ते अंड्यांच्या कामी येतं. म्हणजे माझ्या मित्राच्या घोट्यातून कुणाच्या तरी संसाराची तरतूद चालू होती.

मी कोपरांवर सरकत हातभर जवळ गेलो, श्वास धरून, दोन्ही कारणांसाठी. मॅक्रोमधून जे दिसलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे. सोंड लोकरीच्या विणीत खुपसलेली, पाय घट्ट रोवलेले, आणि दर काही क्षणांनी शेपटाकडून स्वच्छ पाण्याचा एक थेंब बाहेर. मीठ आत, पाणी बाहेर. दहाबारा फुलपाखरं ओळीनं बसून हे करत होती आणि मोजा हळूहळू सुटल्यासारखा वाटत होता.

मग ते आलं. तळहाताएवढं, काळं मखमली, पंखांच्या बाहेरच्या अर्ध्यात फिकट निळं आणि त्यावर काळे ठिपके. ब्लू मॉरमॉन, मराठीत नीलवंत, 2015 पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. राज्य फुलपाखरू ठरवणारं पहिलं राज्य आपलं. ते दोन घिरट्या घालून टाचेवर उतरलं, टाचेला भोक होतं तिथेच. हे बसलं तरी पंख थरथरवत राहतं, म्हणून शटर हजाराच्या खाली ठेवू नये. मी ठेवलं होतं पाचशेला. बारा फोटोंतले अकरा हलले.

मित्र ओढ्याच्या पलीकडे, अनवाणी, तोफ घेऊन. पुढे आला असता तर फोकस नाही, मागे गेला तर करवंदीची जाळी. तो तसाच उभा राहून “कसं आलंय? कसं आलंय?” असं कुजबुजत होता. मी अंगठा वर केला. त्या हालचालीनं सगळी उडाली.

बारावा फोटो उत्तम आहे. डोळा अगदी स्पष्ट, पंखाच्या मुळाशी खालच्या बाजूला असणारे लाल ठिपकेही दिसतात. पण खाली राखाडी मोजा आहे, त्यावर कंपनीचं नाव आहे आणि टाचेला भोक आहे. निसर्गचित्रांच्या स्पर्धांत माणसानं बनवलेली वस्तू चौकटीत सहसा चालत नाही, त्यामुळे स्पर्धेचा प्रश्न मिटला. मित्राचं म्हणणं, कातरून पाठव. कातरला तर फुलपाखराचे पाय जातात. फोटोवर नाव कुणाचं घालायचं, हा वाद आंबोली ते कऱ्हाड चालला आणि अर्धं श्रेय मोज्याच्या मालकाचं असं ठरलं. परतीच्या मिसळीचे पैसेही मीच दिले.

पुढच्या मेमध्ये आम्ही पुन्हा जातो आहोत. मोजे तेच आहेत, मित्रानं ते त्याच पिशवीत दोन गाठी मारून ठेवलेत, धुतलेले नाहीत. मागच्या सीटवर एक जागा रिकामी आहे. यायचं असेल त्यांनी लवकर कळवावं. काचा पुण्यापासूनच खाली राहतील.