शिआन : गटाने पाहण्याची रीत

शिआन शहर एका दिवसात पाहून होते, असे सहल आखणारे मानतात. छिन, हान, थांग अशा घराण्यांनी मिळून हजाराहून अधिक वर्षे याच परिसरातून राज्य केले. पण त्यांना बस सुटायची वेळ पाळायची नव्हती.

पाहणाऱ्या गटात साधारण बसभर माणसे, एक टूर मॅनेजर आणि एक चिनी गाईड असते. गाईडच्या हातातल्या काठीला झेंडी असते, आणि दिवसभर सर्वांत जास्त पाहिली जाणारी वस्तू तीच. याखेरीज प्रत्येक मराठी गटात एक जाणकार आढळतो. तो घरून वाचून आलेला असतो. गाईड बोलत असताना तो मान डोलावतो आणि ती श्वास घ्यायला थांबली की 'थोडी भर' घालतो. जाणकार आणि प्रस्तुत लेखाचा कर्ता या दोन भिन्न व्यक्ती असल्याचा पुरावा उपलब्ध नाही.

सकाळ मातीच्या सैन्याची. मार्च १९७४ मध्ये लिनथोंग भागातले शेतकरी विहीर खणत होते. पाण्याऐवजी सम्राट छिन शि ह्वांगचे सैनिक लागले. सम्राट इ.स.पूर्व २१० मध्ये वारला. त्याची मुख्य समाधी अजून उघडलेली नाही. पहिला खड्डा सुमारे २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद आहे. सैनिक मुळात रंगवलेले होते; मातीतून बाहेर येताच कोरडी हवा लागून रंगाचे पोपडे सुटतात, म्हणून उरलेले खणायची घाई नाही. बहुतेक पुतळे फुटलेल्या अवस्थेत मिळाले आणि तुकडा तुकडा जुळवून उभे केले गेले. काहींवर कारागिराचे नाव कोरलेले सापडते. ते गौरवासाठी नव्हे. काम बिघडले तर कोणाला धरायचे, हे कळावे म्हणून. ही माहिती जाणकार कठड्याला पाठ टेकून, म्हणजे सैन्याकडे पाठ करून देतो.

दुसऱ्या खड्ड्यात गुडघा टेकून बसलेला धनुर्धारी मिळाला. तो आता काचेच्या पेटीत आहे. त्याच्याभोवती गर्दी असते, फोन उंच धरलेले असतात. गटातल्या एक काकू मात्र मागच्या बाजूला जाऊन खाली वाकतात. उचललेल्या टाचेमुळे बुटाचा तळ दिसतो आणि त्यावर टाके कोरलेले आहेत: चवड्याशी आणि टाचेशी दाट, मधे विरळ. "जिथे झिजतं तिथेच भरून शिवलंय बघा," असे काकू म्हणतात. जन्म शिवणयंत्रावर गेलेल्या माणसालाच हे दिसते. जाणकाराने वाचलेल्या पुस्तकांत सैनिकांची संख्या होती, टाके नव्हते. पुढची काही मिनिटे तो भर घालत नाही.

यानंतर रेशमाचे दुकान येते. ते कार्यक्रमपत्रिकेत 'रेशीम उद्योगाची माहिती' या नावाने असते. कोशावरून दोन वाक्ये, मग रजया. दीड तास.

दुपारी मोठा जंगली हंस पॅगोडा. तो इ.स. ६५२ मध्ये बांधला गेला तो युआन श्वांग, म्हणजे जुन्या क्रमिक पुस्तकातला ह्युएन त्संग, याने भारतातून आणलेले ग्रंथ ठेवण्यासाठी. पुढे सम्राज्ञी वूच्या काळात त्याची पुनर्बांधणी झाली. आज तो सात मजली आणि सुमारे ६४ मीटर उंच आहे. समोर युआन श्वांगचा पुतळा आहे, आणि इथे जाणकाराला आवरणे अशक्य होते. कारण हा गृहस्थ महाराष्ट्रात येऊन गेला होता.

सुमारे इ.स. ६४१ मध्ये तो दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात होता. उत्तरेच्या हर्षवर्धनाला हा प्रदेश जिंकता आला नाही, हे त्याने नोंदवले. डोंगरातल्या एका विहाराचे आणि दारातल्या दगडी हत्तींचे त्याने केलेले वर्णन बहुतेक अभ्यासक अजिंठ्याला लावतात. लोकांविषयी त्याचे म्हणणे थोडक्यात असे : उंच, साधे, मानी, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, सूड घेण्यापूर्वी शत्रूला आगाऊ कळवतात. इथवर सांगून जाणकार छाती पुढे काढतो, जणू हे प्रशस्तिपत्र त्याच्याच नावे आले आहे. लढाईआधी योद्धे मद्य पितात आणि हत्तींनाही पाजतात, हा भाग तो वेळेअभावी गाळतो. मूळ निरीक्षण मात्र अजून टिकून आहे. सकाळी खिडकीच्या जागेवरून दुखावलेल्या एका काकांनी "उद्या बघतोच" अशी रीतसर पूर्वसूचना दिलेली असते.

पण युआन श्वांगचे खरे काम परतल्यावरचे आहे. जाण्यायेण्यात आणि भारतातल्या अभ्यासात सोळा-सतरा वर्षे घालवून ६४५ मध्ये तो ६५७ ग्रंथ घेऊन परतला आणि ६६४ मध्ये मरेपर्यंत भाषांतर करत राहिला. पंचाहत्तर ग्रंथ त्याने चिनीत आणले. त्यांतल्या कितीतरींचे संस्कृत मूळ आपल्याकडे नाहीसे झाले. ते काय म्हणत होते हे कळते ते या माणसाच्या चिनीमुळे. आपण हरवले, त्याने सांभाळले. त्याच्या दाराशी गटाला पाऊण तास मिळतो, त्यातही स्वच्छतागृहाची रांग धरलेली असते. रजयांना दीड तास दिलेल्या माणसांनी याचा हिशेब कधीतरी मांडायला हवा.

संध्याकाळी मिंग काळातला तट. घेर सुमारे पावणेचौदा किलोमीटर, वरची रुंदी बारा मीटरच्या पुढे. वर सायकली भाड्याने मिळतात. गट दक्षिण दरवाजाशी चढतो, फोटो काढतो, उतरतो.

१३८४ मधला घंटामनोरा बसमधून, उजव्या खिडक्यांतून दिसतो. मुस्लिम वस्तीतल्या गल्लीत पाव स्वतःच्या हाताने बारीक कुस्करून मटणाच्या रश्श्यात घालून खाण्याची पद्धत आहे. शाकाहारी बहुमतामुळे गट ती वासावरून अभ्यासतो. रात्रीचे जेवण भारतीय हॉटेलात असते. हत्तींचा राहिलेला मुद्दा जाणकार तिथे पुरा करू पाहतो, पण त्याच सुमारास दहीभात संपत आल्याची बातमी येते आणि श्रोते उठतात.