उपायवाले आप्पा

कोपरावर सोरायसिसचे चट्टे असतील, तर सातारा-सांगली एसटीत अर्ध्या बाहीचा शर्ट घालून बसू नये. शेंद्रे यायच्या आत शेजारचे आप्पा तुमचा हात आपल्या हातात घेतात. ओळखपाळख नंतर. "किती वर्षं झाली ओ गुरुजी?" असं विचारत अंगठ्याच्या नखानं वरचा पांढरा पापुद्रा खरवडतात, दोन बोटांत चुरून बघतात आणि निकाल देतात, "रक्तातली उष्णता!" खरवडलं, खाजवलं की चट्टा वाढतो, असं त्वचारोगतज्ज्ञ घसा फोडून सांगतात. पण तज्ज्ञ एसटीत कुठं भेटतात?

आप्पा मात्र सगळीकडे भेटतात. कोणी पाटबंधारे खात्यातून निवृत्त, कोणाचं भुसार दुकान. वैद्यकीचा संबंध एवढाच, की मामेभावाच्या साडूला 'असंच' झालं होतं.

कराडपर्यंत पथ्य चालतं. "वांगं बंद. दही बंद. शेंगदाणं बंद. आख्खा मसूर तर बघायचाबी नाही."

"मग खायचं काय?"

"दोडका."

एवढं बोलून आप्पा कराड स्टँडवर उतरतात आणि दोन वडापाव हाणून विडी शिलगावतात. त्यांची बंदीची यादी नीट पाहिली, की कळतं, त्यात आप्पांच्या आवडीचं काहीच नाही. विडी नाही, शनिवारचा ग्लास नाही, पोटाचा घेर तर नाहीच. नेमकं धूम्रपान, दारू आणि वाढलेलं वजन यांनीच सोरायसिस बळावतो, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. वांग्यावर असा आरोप कोणी सिद्ध केलेला नाही.

इस्लामपूर ओलांडलं, की औषधं सुरू. करंजाचं तेल, कडुनिंबाचा पाला, गोमूत्र. आष्ट्याच्या पुढं हळद येणारच. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आप्पांच्या मते ते सोरायसिससाठीच मिळालं. लेप लावून झोपलं, की चट्टे आहेत तिथंच राहतात. उशीचा अभ्रा, चादर आणि गृहलक्ष्मीचा चेहरा मात्र रंग बदलतो. आप्पांच्या पोतडीत एक गोष्ट खरंच कामाची असते: आंघोळ झाल्या झाल्या ओलसर अंगाला खोबरेल चोळणं. खवले मऊ पडतात, खाज कमी होते. पण ती ते जाता जाता सांगतात. इतक्या स्वस्त उपायावर त्यांचा स्वतःचाच विश्वास नसतो.

तरीही आप्पा कधी हरत नाहीत, कारण रोगच त्यांना सामील आहे. सोरायसिस मुळात चढतो-उतरतो. शरीराची प्रतिकारयंत्रणा बिथरते आणि महिनाभरात व्हायचं कातडीचं काम तीन-चार दिवसांत उरकलं जातं. म्हणून ते थर. साताऱ्याच्या थंडीत, पौषात, माणूस टेकीला येऊन आप्पांचं ऐकतो. चैत्रापर्यंत अंगावर ऊन पडतं आणि पुष्कळांचे चट्टे आपोआप फिके होतात. श्रेय दोडक्याला! मार्गशीर्षात पुन्हा उठले, की आप्पा डोळे बारीक करून विचारतात, "दही खाल्लंसा न्हवं?"

एक मात्र मानलं पाहिजे. चट्टे बघून बाकीचे प्रवासी जागा बदलतात, आप्पा हात सोडत नाहीत. हा रोग स्पर्शानं पसरत नाही, हे त्यांना ठाऊक असतं असं नाही. पण वागणं बरोबर असतं.

तेव्हा आप्पा भेटले, तर त्यांचं ऐकून घ्या, खोबरेल लावा, दोडकाही खा. फक्त त्यांच्या सांगण्यावरून चालू गोळ्या एकदम बंद करू नका आणि नाव-गाव नसलेली पुडी घेऊ नका. तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. सकाळी बोटं, सांधे आखडत असतील, तर सांगलीला न उतरता तसंच पुढं मिरजेला जा आणि डॉक्टर गाठा. सोरायसिस सांध्यांतही उतरतो, आणि तिथं दोडक्याचं काही चालत नाही.