अण्णांची मेंबरशिप

अण्णांचा रुपया बुडवून कोणी सुखानं झोपलं, असं सोलापूरच्या चाटी गल्लीत कोणाला आठवत नाही. टॉवेल-चादरींचा घाऊक धंदा. माल अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून उचलायचा आणि लातूर, कलबुर्गी, विजापूरपर्यंतच्या दुकानदारांना उधारीवर द्यायचा. वसुलीला अण्णा स्वतः जातात. आवाज चढवत नाहीत, वकिलाची नोटीस धाडत नाहीत. देणेकऱ्याच्या दुकानात बाकड्यावर बसतात, त्याचाच चहा पितात, आणि गिऱ्हाईक आत आलं की सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारतात, "मग शेट, आमच्या पैशाचं काय करालाव?" दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या गिऱ्हाइकाला गल्ला उघडतो.

असा हा माणूस होटगी रोडवरच्या एका गारेगार खोलीत, टाय बांधलेल्या कोवळ्या पोरासमोर बसून जाडजूड कराराच्या पानापानावर सह्या करून आला. न वाचता. गाठोड्याचं बिल तीनदा तपासणारे अण्णा! कारण एवढंच, की समोरच्या आरशात त्यांच्या डोक्यावर केस दिसत होते.

टक्कल त्यांच्या घराण्यात वडिलोपार्जित. पण वडील, चुलते, आजोबा यांना त्याचं काही वाटलं नाही, कारण त्या पिढ्यांच्या डोक्यावर काही ना काही असायचंच. पांढरी टोपी, नाहीतर रुमाल, नाहीतर पटका. खाली काय आहे ते न्हाव्याला आणि बायकोला ठाऊक. माझं तर मत आहे की केसांच्या या धंद्याची भरभराट टोपी गेली तेव्हापासूनची. टोपी गेली आणि महाराष्ट्रातली सगळी टकलं एकदम उघड्यावर आली. (सोलापूरच्या ४३ अंशांच्या उन्हात टोपी सोडणं हा शुद्ध अविचार होता, पण फॅशनपुढे कोणाचं चाललंय?)

सुरुवातीला अण्णांनी घरगुती इलाज केले. पहिला कांद्याचा रस. सोलापूरचं मार्केट यार्ड कांद्यासाठी राज्यात गाजलेलं, त्यामुळे कच्चा माल पोत्यानं आला. घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, डोक्यावर काही आलं नाही. मग माका, मग जास्वंद, मग गड्ड्याच्या जत्रेत पाल ठोकून बसलेल्या वैदूचं तेल. त्वचेच्या डॉक्टरांनी मिनॉक्सिडिल दिलं. हे औषध मुळात रक्तदाबावरचं. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, तेव्हा त्याचा हा दुसरा उपयोग लक्षात आला. डॉक्टर म्हणाले, चार-सहा महिने धीर धरा, आणि बंद केलंत तर आलेलेही जातील. अण्णांना दोन्ही अटी मान्य नव्हत्या. धंद्यातसुद्धा ते कोणाला ४५ दिवसांच्या वर मुदत देत नाहीत.

शेवटचा घाव वंदे भारतमध्ये बसला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ही गाडी सोलापूरहून मुंबईला सुटायला लागली, तेव्हापासून अण्णांनी सिद्धेश्वर एक्स्प्रेसला रामराम ठोकला होता. एका खेपेला शेजारच्या बाईंनी "काका, राहू द्या, मी ठेवते" म्हणत त्यांची बॅग उचलून वर ठेवली. बाई अण्णांहून सहज पाच वर्षांनी मोठ्या होत्या. त्याच आठवड्यात अण्णा होटगी रोडला गेले.

तिथल्या पोरानं बोलता बोलता क्लिपा काढून स्वतःचे केस हातात घेतले आणि म्हणालं, "सर, मीपण क्लायंटच आहे." युक्ती जुनी आहे. अमेरिकेत साय स्पर्लिंग नावाच्या गृहस्थांनी १९७६ मध्ये केसांचा क्लब काढला आणि टीव्हीवर येऊन, आपण नुसते मालक नाही तर गिऱ्हाईकही आहोत, असं सांगत घराघरांत पोचले. अण्णांना स्पर्लिंग माहीत नव्हते. ते विरघळले. महिना ६,८०० रुपयांचा हप्ता, वर्षाचा करार, आणि वर 'प्लॅटिनम मेंबर' असं सोनेरी अक्षरांतलं कार्ड. प्लॅटिनमला सोनेरी अक्षरं का, हेही त्यांनी विचारलं नाही.

आता या केसांचा, म्हणजे हेअर पॅचचा, कारभार समजून घ्यायला हवा, कारण खरी मेख तिथं आहे. बारीक जाळीवर एकेक केस गाठ मारून बसवतात आणि ती जाळी टाळूवर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं किंवा गोंदानं डकवतात. डकवण्याआधी टाळूवर जे काही चुकूनमाकून शिल्लक असेल तेही भादरून टाकतात. दर तीन-चार आठवड्यांनी पॅच उतरवायचा, धुवायचा, पुन्हा डकवायचा, बाजूचे स्वतःचे वाढलेले केस त्याच्या मापाला आणायचे. एवढं करून पॅच टिकतो काही महिने, फार तर वर्षभर. मग नवा. म्हणजे केस विकत मिळत नाहीत, भाड्यानं मिळतात. आणि सोडायचं म्हटलं, तर गेलो होतो त्याहून जास्त टक्कल घेऊन घरी यावं लागतं. कंपनीला करारात फार काही लिहायची गरजच नाही; वस्तराच अर्धं काम करून ठेवतो.

हे केस कुठून येतात? बरेचसे देवाच्या दारातून. तिरुपतीला भाविकांनी उतरवलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करतं आणि तो माल जगभरच्या टोपांत जातो. लहानपणी पूर्वभागातल्या पद्मशाली शेजाऱ्यांबरोबर अण्णा तिरुपतीला जाऊन जावळापेक्षा दाट केस बालाजीला देऊन आले होते. "म्हणजे तम्मा," ते मला एकदा म्हणाले, "फुकट दिलेला माल मी हप्त्यानं परत घेतलोय."

कंपनीची एक सूचना होती, चार दिवस डोकं धुवायचं नाही. ती सोलापूरकराला देण्यात अर्थ नव्हता. तेव्हा नळालाच चार-पाच दिवसांआड पाणी यायचं.

नव्या केसांनिशी अण्णा गादीवर बसले तेव्हा गल्लीनं एक अक्षर काढलं नाही. अण्णांची समजूत झाली की कोणाला कळलंच नाही. खरी गोष्ट अशी की निम्मी गल्ली त्यांची देणेकरी. ज्याचे पैसे द्यायचे आहेत त्याच्या केसांबद्दल कोण बोलणार? हमालांनी मात्र आपापसात अण्णांना 'नवा माल' म्हणायला सुरुवात केली होती.

जानेवारीत गड्डा आला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या विवाहाचा अक्षता सोहळा होतो. सात नंदीध्वज, पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले भक्त, मुंगीला शिरायला जागा नाही अशी गर्दी. अण्णाही बाराबंदी घालून उभे. गर्दीच्या उकाड्यानं कपाळाकडची टेप सुटली होती आणि गोंद बाहेर आला होता, याची त्यांना कल्पना नव्हती. अक्षता उधळल्या गेल्या. अण्णांच्या कपाळावर तांदळाच्या दाण्यांची अशी काही महिरप उमटली की लग्न नेमकं कोणाचं असा प्रश्न पडावा. अण्णांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वैनींनी, घरी आल्यावर एकेक दाणा नखानं काढला आणि म्हणाल्या, "झालं! देवालाबी कळलं की हो."

पण अण्णांचं मन खरं फिरलं ते एप्रिलात. घाम, खाज, वास. गिऱ्हाइकाला चादर उलगडून दाखवता दाखवता ते मीटरपट्टीचं टोक केसांखाली घालून खाजवायला लागले. पंखा तोंडावर घ्यायची भीती, स्कूटरवर हेल्मेट काढायची भीती. रात्री उशीवर सरळ झोपायचं. नातू डोक्याकडे झेपावला की त्याला वैनींकडे द्यायचं. मेंबरशिप बंद करायची, असं ठरवून ते होटगी रोडला गेले आणि 'समर अपग्रेड' घेऊन परत आले. हप्ता ९०० रुपयांनी वाढला होता.

तिथं काय होतं ते मी एकदा सोबत जाऊन पाहिलं. पोरगं अदबीनं विचारायचं, "सर, आमची सर्व्हिस आवडली नाही का?"

"तसं नाही हो, सर्व्हिस चांगली आहे, पण…"

या 'पण'च्या पुढे अण्णा कधी गेले नाहीत. कारण तेवढ्यात पोरगं थोडा आवाज वाढवायचं, "म्हणजे सर, तुम्हाला तुमचा हेअर पॅच…" आणि अण्णा इकडेतिकडे बघत "हळू, हळू" करत स्वतःच विषय आवरता घ्यायचे. शाखा म्हणायची, हे मुख्य ऑफिसचं काम. मुख्य ऑफिस म्हणायचं, शाखेतून फॉर्म घ्या. शाखेत फॉर्म संपलेले. मग ईमेल करा, इंग्रजीत. ईमेलचं उत्तर आलं की मुदत संपण्याच्या ३० दिवस आधी कळवायला हवं होतं. तसं न कळवल्यानं कराराचं आपोआप नूतनीकरण झालंय, अभिनंदन. हवं तर मेंबरशिप तीन महिने 'फ्रीझ' करता येईल. त्यात सर्व्हिस थांबते. हप्ता थांबत नाही. नाहीतर वैनींच्या नावावर करून त्यांना चेहऱ्याचं पॅकेज घेता येईल. हा निरोप वैनींपर्यंत पोचवायची हिंमत अण्णांना झाली नाही.

अ‍ॅपवर बंद करायचं बटण होतं, पण पाच पडदे ओलांडल्यावर. तिथं लिहिलं होतं, 'हो, मला आत्मविश्वास नको आहे.' अण्णा ते बटण दाबेनात. "नको कसं म्हणू बे?" ते मला म्हणाले.

त्यांचा भाचा वकील आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मामांना कायदा समजावला. असं लाजवणारं बटण आणि असा बाहेर पडू न देणारा करार, या दोन्ही युक्त्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नोंदवून ठेवलेल्या १३ फसव्या प्रकारांत मोडतात. कार्डावरून आपोआप जाणाऱ्या हप्त्याचं म्हणाल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ऑक्टोबर २०२१ पासून पैसे कापण्याच्या २४ तास आधी संदेश यावा लागतो आणि तिथूनच तो थांबवताही येतो. १५,००० रुपयांच्या आतला हप्ता असल्यानं ओटीपी मात्र मागत नाहीत. अण्णांना तो संदेश दर महिन्याला येत होता. ते २४ तास ते काळजी करण्यात घालवत होते.

भाच्यानं पुढे सांगितलं, २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पुण्या-मुंबईला जायला नको. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. वकीलही लागत नाही. त्याआधी १९१५ वर नुसता फोन केला तरी चालतो.

"फुकट?" अण्णांचे डोळे चमकले. मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "तिथं नाव पुकारतात काय रे?"

"पुकारतात की. निकाल वेबसाइटवर पण येतो."

विषय संपला. इथंच मला या धंद्याचं गमक कळलं. ही कंपनी केस विकतच नाही. ती गुपित विकते. आणि गुपित विकत घेतलेला माणूस तक्रार घेऊन कुठं जाणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही मासिक हप्त्यानं. ज्या दिवशी तो 'मला फसवलं' असं चारचौघांत म्हणेल, त्या दिवशी त्यानं पैसे मोजून झाकलेली गोष्ट उघडी पडेल. एवढं चोख तारण तर चाटी गल्लीतल्या कुठल्याही सावकाराला सुचलं नव्हतं.

वैनींना हप्त्याचा आकडा पासबुकात सापडला. त्या काही बोलल्या नाहीत. रविवारी सकाळी इरकल नेसून, अण्णांना स्कूटर काढायला लावून होटगी रोडला गेल्या. रविवार हा तिथला गर्दीचा वार. बाहेरच्या खोलीत सात-आठ पुरुष टोप्या ओढून, मोबाइलमध्ये तोंडं घालून बसलेले. वैनी मधल्या सोफ्यावर बसल्या. चहा मागवला. पहिला माणूस आत येताच त्यांनी घरातल्यासारखी चौकशी केली, "तुम्हीबी टोपासाठीच आलाव काय? आमच्या ह्यांचा बंद करायचाय. चाटी गल्लीत दुकान आहे आमचं." तो माणूस पत्ता चुकल्यासारखं करून माघारी फिरला. दुसऱ्याला त्यांनी ओळखलं. "अगंबाई, तुम्ही बँकेतले ना? इतके दिवस कळलंच नाही की हो!"

तिसऱ्याची वेळ आली नाही. महिनोन्महिने संपलेला फॉर्म तीन प्रतींत बाहेर आला. सोबत मॅनेजर आले, पाणी आलं, "मॅडम, आत बसून बोलू या" अशी विनंती आली. वैनी म्हणाल्या, "इथंच बरं आहे." फॉर्मवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय त्या उठल्या नाहीत. दोन हप्ते परत मिळाले आणि उरलेल्या हिशेबापोटी कंपनीनं शाम्पूच्या बाटल्यांचं एक खोकं दिलं. अण्णा हा सगळा वेळ समोरच्या टपरीपाशी हेल्मेट घालून उभे होते.

"एवढा वेळ काय करालतीस आत?" त्यांनी विचारलं.

"वसुली," वैनी म्हणाल्या.

सोमवारी अण्णा उघड्या डोक्यानं गादीवर बसले. गल्ली याही वेळी काही बोलली नाही. कारण तेच, जुनं. फक्त अक्कलकोटचा एक नाठाळ देणेकरी दारावरून परत गेला आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, "अण्णा, काल ओळखलंच नाही तुम्हाला, नाहीतर पैसे घेऊनच आलो होतो." अण्णांनी त्याला बसवून घेतलं, चहा पाजला आणि रक्कम मोजून घेतली.

शाम्पूच्या बाटल्या अजून शिल्लक आहेत. डझनभर टॉवेल घेणाऱ्याला एक बाटली मोफत, अशी पाटी अण्णांनी दुकानात लावली आहे. उधारीवाल्यांना मिळत नाही. कोणाला हवी असेल तर रोख पैसे घेऊन चाटी गल्लीत यावं. कुठंही सही करावी लागत नाही.