साहेबाचा चष्मा

सी. ऑब्रे स्मिथ इंग्लंडकडून एकच कसोटी खेळले, तीही कॅप्टन म्हणून, आणि जिंकले. साल १८८९, गाव दक्षिण आफ्रिकेतलं पोर्ट एलिझाबेथ, पहिल्या डावात १९ धावांत ५ बळी. धावत येताना ते असा काही वळसा घेत की ‘राउंड द कॉर्नर’ हे नावच पडलं. आफ्रिकेच्या त्याच मुक्कामात न्यूमोनिया झाला आणि डॉक्टरांनी त्यांना चुकून मृत ठरवलं. पंचाचा निर्णय निमूट मानणाऱ्या या गृहस्थांनी तेवढा एक निर्णय मानला नाही.

१८९५पासून ते लंडनच्या रंगभूमीवर. पुढच्याच वर्षी ‘प्रिझनर ऑफ झेंडा’ नाटकात होते, आणि १९३७ साली त्याच गोष्टीच्या बोलपटात कर्नल झाप्ट. मधल्या काळात साहेब हॉलिवुडला स्थायिक झाले होते. कर्नल, जनरल, लॉर्ड, आजोबा... भूमिका कुठलीही असो, झुडपी भुवया, मिशा आणि ताठ कणा तोच. विलायतेत असे म्हातारे गल्लोगल्ली असतील. कॅलिफोर्नियात त्याचेच पैसे मिळायचे.

१९३२ साली सत्तरीला टेकलेल्या साहेबांनी हॉलिवुड क्रिकेट क्लब काढला. गवताचं बीसुद्धा म्हणे इंग्लंडहून मागवलं. सभासदांत पी. जी. वुडहाउस, आणि पडद्यावरचा राक्षस बोरिस कार्लोफही! नवा इंग्रज नट गावात उतरला की साहेबांचा निरोप हजर: उद्या सकाळी नेट्सला या. स्लिपमधला तो किस्सा तर प्रसिद्धच आहे. झेल सुटला, साहेबांनी खेळ थांबवून बटलरकडून चष्मा मागवला, डोळ्यांवर चढवला आणि पुढचाही झेल सोडला. मग गरजले, की गाढवानं वाचायचा चष्मा आणला!

‘फोर फेदर्स’मध्ये (१९३९) त्यांचा जनरल जेवणाच्या टेबलावर अक्रोड मांडून क्रिमियाची लढाई पुन:पुन्हा लढतो. ते पाहताना मला आमचे न्यू जर्सीचे मामा आठवतात. चटणी म्हणजे अब्दाली, कोशिंबीर म्हणजे भाऊसाहेब, आणि “अरे, मीठ हलवू नकोस, तिथे इब्राहिमखान गारदी आहे!” आम्ही पानिपत हरेपर्यंत आमटी निवते. तिथल्या गणपतीत आरती कुणी जरा घाईनं म्हटली की मामा टाळ्या थांबवून पहिल्यापासून म्हणायला लावतात.

साहेबांना १९४४ साली ‘सर’ केलं, ते इंग्लंड-अमेरिका मैत्रीसाठी केलेल्या कामगिरीबद्दल. मैत्री खरी, पण त्यांनी तिकडे जपलेलं इंग्लंड त्यांच्या तरुणपणचं होतं. १९४८ साली ते गेले ते बेव्हर्ली हिल्समध्येच.

मामा दर दोन वर्षांनी पुण्याला येतात. गॅलरीत उभे राहून डोळे बारीक करतात. “ह्या इथे चिंच होती ना रे?”

चिंच तोडून तीस वर्षं झाली. मी काही बोलत नाही. आत जाऊन त्यांचा चष्मा आणून देतो. कुठला, ते मात्र पाहत नाही.