भुतांनीही मराठी सोडली

दिल्लीत पूर्वी कर्झनसाहेबाच्या नावाचा एक रस्ता होता, तो पुढे कस्तुरबांचा झाला. या कस्तुरबा गांधी मार्गावर ब्रिटिश कौन्सिल आहे, जर्मनांचं मॅक्समुल्लर भवन आहे, अमेरिकन सेंटर आहे आणि २०१३ पासून आपलं नवं महाराष्ट्र सदनही आहे. एकाच आळीतले चार बिऱ्हाडकरू म्हणायचे. तिघांनी पुस्तकं पुढे करून माणसं जोडली. चौथ्याने झुणका-भाकर.

जेवणाला मी नावं ठेवत नाही, दिल्लीकर तिथे आवर्जून जेवायला जातात. जेवणाबाबत आपण जागरूकही आहोत. २०१४ च्या जुलैत, ऐन रमझानमध्ये, आपल्या काही खासदारांनी सदनातल्या जेवणावर चिडून एका रोजेदार कर्मचाऱ्याच्या तोंडात चपाती कोंबली आणि संसद डोक्यावर घेतली गेली. चांगलं पुस्तक मिळालं नाही म्हणून मराठी खासदार चवताळल्याचं मात्र अजून ऐकिवात नाही.

आता या रस्त्यावरून जाणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या एखाद्या मराठी पोराला त्याची आवडती जादूची कादंबरीमालिका विचारा. ब्रिटनचा हॅरी पॉटर म्हणेल, १९९७ ते २००७, सात भाग. नाहीतर अमेरिकेचा पर्सी जॅक्सन. जरा चोखंदळ असेल तर जर्मन कोर्नेलिया फुंकेची 'इंकहार्ट'. मग विचारा, "आणि मराठीतली?" पोरगं आईकडे बघेल. आई 'मृत्युंजय'कडे.

हाच आपला राजमार्ग. बालभारतीचा 'किशोर' खाली ठेवला की शिवाजी सावंतांचा कर्ण हातात. मधली पाच-सहा वर्षं मराठी मूल बहुधा वाचतच नसावं, नुसतं उंच होत असावं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, कबूल, आणि तो आजही झकास पळतो. पण या बन्या फेणेकडे सायकल आहे, जादूची छडी नाही. नाथमाधवांचा 'वीरधवल' आहे, तो पणजोबांच्या कपाटात.

बरं, माल कमी आहे म्हणाल तर तसंही नाही. कोकणात भुतांची वर्गवारी सरकारी वेतनश्रेणीपेक्षा बारकाईने झालेली आहे. मुंज झाली पण लग्नाआधीच गेला तो मुंजा, त्याला पिंपळावर जागा. रात्री वाट चुकवणारा चकवा. पाण्याकाठी साती आसरा. गावाची राखण करणारा देवचार, अवसेला पालखी काढणारा वेताळ. शिवाय खवीस, समंध, हडळ, जखीण. हॉगवर्ट्सचा अख्खा शिक्षकवर्ग नेमणुकीच्या आदेशाची वाट बघत झाडावर बसलाय. रोलिंगबाईंच्या हाती यातला एक खवीस जरी लागता, तरी सातावर भागलं नसतं.

पण आदेश निघेना, तेव्हा या मंडळींनी हिंदीत नोकरी धरली. २०१८ चा 'तुंबाड' घ्या. प्रेरणा नारायण धारपांच्या कथेची, गाव कोकणातलं, दिग्दर्शक राही अनिल बर्वे, बोलणं हिंदी. २०२४ चा 'मुंज्या', दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, पुन्हा हिंदी. मेल्यावर तरी माणसाने मातृभाषा जपावी!

पांडवांनी तर देशच सोडला. 'पर्सी जॅक्सन'वाल्या रिक रिऑर्डनने डिस्नेकडून एक स्वतंत्र ग्रंथमाला काढली आणि २०१८ साली तिचा नारळ फोडला तो रोशनी चोक्शी यांच्या आरू शाहने. अटलांटातल्या संग्रहालयात राहणारी ही बारा वर्षांची मुलगी नको तो दिवा पेटवून बसते आणि मग कळतं की ही पांडवाचा अवतार. पाच भाग झाले. कर्णावर अन्याय झाला की नाही, यावर आपला परिसंवाद अजून चहापानापर्यंतही आलेला नाही.

हॅरी पॉटर मराठीत आला तोही पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाकडून नव्हे, भोपाळच्या मंजुल पब्लिशिंगकडून. आला हे उत्तमच झालं. फक्त सदाशिव पेठेने त्या दिवशी खिडकी बंद ठेवली असावी.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८वं साहित्य संमेलन दिल्लीतच भरलं. अध्यक्ष होत्या तारा भवाळकर, लोकसंस्कृतीच्या जाणत्या अभ्यासक. म्हणजे या सगळ्या भुताखेतांचा, देवदेवस्कीचा, ओव्यांचा पत्ता ज्यांना पाठ, त्याच व्यासपीठावर होत्या. अशा वेळी एखाद्या प्रकाशकाने उठून, "बाई, तेरा वर्षांच्या पोरांसाठी साती आसरांचे सात भाग काढू या," म्हणायला काय हरकत होती? पण अभिजात दर्जाच्या गजरात वेताळाच्या पालखीला वाट कोण देणार?

तेव्हा पुढचं मला आत्ताच दिसतंय. न्यू जर्सीतली कुणीतरी चौदा वर्षांची ईशा पिंपळाखाली ठेचकाळेल, मुंजा तिचा दोस्त होईल, इंग्रजीत पाच भाग खपतील. मराठी अनुवाद भोपाळहून येईल. पहिल्याच आठवड्यात आपण शोधून काढू की तिसऱ्या भागात मुंजाचं जानवं उजव्या खांद्यावर दाखवलंय. मग निषेधाचं पत्रक निघेल, आणि ते मात्र अस्सल मराठीत.